शंभरामागे दोन

जहाजावर तिला सगळे सिस्टर म्हणत. बाराशे प्रवासी, सहाशे कर्मचारी, एक डॉक्टर आणि त्यांच्या हाताखाली तीन नर्स. त्यांतली ही थोरली. मलमपट्टी आणि इंजेक्शनं धाकट्या दोघी बघत. हिच्याकडे मुख्य काम एकच होतं, पण ते डोकं खाणारं होतं. कोणाचं पोट बिघडलं, कोणाला उलटी झाली, कोणाला ताप आला, याची रोज नोंद ठेवायची आणि आकडा कुठे चढतोय का, यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं. आजारी प्रवासी शंभरामागे दोन झाले, म्हणजे या जहाजाच्या हिशेबानं चोवीस, की पुढच्या बंदराला कळवायचं. मग बंदराचे लोक ठरवणार, जहाज आत घ्यायचं की बाहेरच थांबवायचं.

आजारापेक्षा तिला जास्त छळत ती लपवणारी माणसं. पोट बिघडलं असं कबूल केलं की त्रास थांबल्यावरही दोन दिवस खोलीत बसावं लागे. वर्षभर वाट बघून सहलीला आलेला माणूस कशाला कबूल करतोय? काहीतरी अबरचबर खाल्लं असेल, म्हणायचं, एक गोळी घ्यायची आणि पुन्हा जेवणाच्या रांगेत उभं राहायचं. त्याच हातानं वाढण्याचा चमचा उचलायचा, तोच चमचा पुढच्यानं.

या फेरीला तिची ताई जहाजावर आली होती. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना वर्षातून एकदा प्रवास मिळे, आणि सहा वर्षं हो-नाही करत शेवटी ताई तयार झाली होती. ताई अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा ही चार वर्षांची. तिची वेणी घालण्यापासून तिला नर्सिंगच्या कॉलेजात नेऊन सोडण्यापर्यंत सगळं ताईनंच केलेलं. त्यामुळे बावन्न वर्षांची सिस्टर ताईच्या लेखी अजून बेबीच होती. पहिल्याच दिवशी कप्तान भेटायला आले, तेव्हा ताईनं त्यांच्यासमोरच विचारलं, "आमची बेबी वेळेवर जेवते ना हो?" कप्तानांनी अगदी गंभीरपणे सांगितलं, "नाही जेवत." तेव्हापासून अख्ख्या जहाजाला कळलं की सिस्टरचं घरचं नाव बेबी आहे. दुसऱ्या दिवशी भटारखान्यातल्या मुख्य आचाऱ्यानं तिला पाहून मान खाली घातली आणि खोकल्यासारखं केलं. तो हसत होता.

पण चौथ्या दिवशी त्याचं हसू मावळलं. नोंदवहीत पाच नावं होती. पाचही जुलाब-उलट्यांची, दोन दिवसांतली. सिस्टर सकाळीच भटारखान्यात शिरली. शीतकपाटांचं तापमान बघितलं, भाज्या धुण्याचं पाणी तपासलं, आचाऱ्यांच्या नखांपर्यंत सगळं पाहिलं.

"सिस्टर, चोवीस वर्षं झाली मला या कामात," आचारी फुरंगटून म्हणाला. "माझ्या हातचं खाऊन अजून कोणी आडवं झालं नाही."

"मी कुठे म्हणते तुम्ही केलंत? मी फक्त बघतेय."

"बघताना तुमचा चेहरा बघा एकदा आरशात."

दवाखान्यात परतली तर ताई खुर्चीत बसलेली. अशी ती रोज दहाच्या सुमाराला येई, बेबीच्या हातात बिस्किटं कोंबे आणि जहाजावरच्या साऱ्या बातम्या सांगे. चार दिवसांत तिनं निम्म्या जहाजाशी ओळख काढली होती.

"आज आमचं टेबल अगदी ओस पडलंय बघ," ताई म्हणाली.

"कुठलं टेबल?"

"अगं, वाचनालयातलं. ते चित्र जुळवतो ना आम्ही, हजार तुकड्यांचं. डोंगर, तळं आणि वर आभाळ. डोंगर झाला, तळं झालं, आभाळच तेवढं राहिलंय. आणि नेमक्या आज त्या जुळ्या बहिणी आल्या नाहीत. पोट धरून पडल्यात म्हणे. बसचे ड्रायव्हर होते ते गृहस्थही नाहीत. उंच बाई आली होती, पण तिचा नवरा काल दुपारपासून बाथरूममधून बाहेरच…"

सिस्टरच्या हातातलं बिस्किट तसंच राहिलं. यातलं एकही नाव तिच्या वहीत नव्हतं.

"ताई, सावकाश सांग. पहिल्यापासून. कोण कोण?"

ताईनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. दोन्ही हातांची बोटं संपली तेव्हा तिनं पहिल्यापासून पुन्हा धरली. तेरा जण. कोणी सकाळच्या पंगतीत जेवणारे, कोणी उशिराच्या. कोणी वरच्या मजल्यावरच्या हॉटेलात, कोणी खालच्या. एका ताटातलं कोणीच खाल्लेलं नव्हतं. सगळ्यांना जोडणारी गोष्ट एकच होती: ते टेबल. शेकडो हातांनी उचललेले, चाचपलेले, काहींनी विचार करता करता ओठांना लावलेले हजार पुठ्ठ्याचे तुकडे.

"बिचारा आचारी," सिस्टर पुटपुटली. आणि मग तिचं लक्ष ताईकडे गेलं. ताई खुर्चीत जरा वाकून बसली होती. ओठ पांढरे पडले होते. तिनं आणलेल्या बिस्किटांतलं एकही स्वतः खाल्लं नव्हतं.

"ताई, तुला कधीपासून होतंय?"

"मला कुठे काय?"

"ताई."

ताईनं खिडकीबाहेर पाहिलं. "पहाटेपासून. चारदा. पण आता थांबलंय हं जवळजवळ."

"आणि तू इथे येऊन बसलीस? सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू मला कोंडून घातलं असतंस." ताईचा आवाज एकदम बारीक झाला. "उद्या बंदर आहे, बेबी. तिथे माझी मैत्रीण येणार आहे धक्क्यावर."

ती मैत्रीण सिस्टरला नावानं ठाऊक होती. शाळेत ताईच्या बाकावर बसणारी, आई गेल्यावर महिनाभर रोज घरी येऊन पोळ्या लाटून जाणारी. लग्न होऊन ती दूर गेली, या बंदराच्या गावात. एकतीस वर्षं दोघी नुसत्या फोनवर भेटत होत्या. ताई सहा वर्षांनी जहाजावर यायला का तयार झाली, ते सिस्टरला आत्ता कळलं.

"उतरता येणार नाही तुला," ती म्हणाली. तिला स्वतःचा आवाज परका वाटला. "थांबल्यापासून दोन दिवस. तुला सोडलं तर बाकीच्या तेरा जणांना कोणत्या तोंडानं अडवू?"

"मी काही म्हटलं का?" ताई उठली. "मी तुला वाढवलंय. माझ्यासाठी तू खोटं लिहिशील, असं माझ्या मनातही नाही आलं. फक्त वाईट वाटतंय, ते वाटू दे की मला."

ताई खोलीत गेली. सिस्टर हातमोजे चढवून वाचनालयात गेली आणि डोंगर, तळं आणि अर्धवट आभाळ तिनं एका लाल पिशवीत लोटलं. पत्ते गेले, सोंगट्या गेल्या. टेबल, खुर्च्यांचे हात, दाराच्या मुठी क्लोरीनच्या पाण्यानं पुसून झाल्या. जेवणाच्या रांगेतले चमचे उचलले गेले. आता वाढपी वाढतील, पाहुण्यांनी हात लावायचा नाही. दारात नुसतं हातांना लावायचं जेल न ठेवता साबण आणि हात धुण्याचे नळ लावले गेले, कारण हा आजार जेलला जुमानत नाही, साबणानं घासूनच जातो.

दुपारी बैठक झाली. जहाजाचे व्यवस्थापक वही बघून हबकलेच. "सकाळी पाच होते, आत्ता एकोणीस?"

"सकाळीही एकोणीसच होते," सिस्टर म्हणाली. "आपल्याला आत्ता कळले."

तोवर खोलीत पडल्या पडल्या ताईनं टेलिफोन हाती घेतला होता. कोणी सांगितलं नव्हतं. जुळ्या बहिणींना आणि उंच बाईला फोन, आणखी कोण पडलंय ते विचारायला; मग त्या बाईच्या शेजारणीला फोन, तिनं सांगितलेल्यांना फोन. "अहो, लपवू नका. मीही लपवत होते, काय मिळालं? माझी बहीणच आहे ती सिस्टर. रागावत नाही, मीठ-साखरेचं पाणी देते आणि खोलीत गरम भात पाठवते. लावा पाहू फोन दवाखान्यात." तिच्या आवाजात असं काही होतं की माणसं मुकाट्यानं ऐकत. पाच वाजेपर्यंत दवाखान्याचा फोन सात वेळा वाजला, सातही नावं नवी.

एकोणीस आणि सात, सव्वीस.

व्यवस्थापक दवाखान्यात आले, दार लोटून घेतलं. माणूस वाईट नव्हता. बाराशे लोकांच्या नाराजीचं ओझं त्याच्या खांद्यावर होतं. "सिस्टर, हे सात जण उद्याच्या पानावर नाही का लिहिता येणार? फक्त उद्याच्या. सकाळी बंदर लागेल, लोक फिरून येतील, मग लिहा ना."

"त्यांना आज झालंय."

"तुमच्या ताईंनाही उद्या कोणी भेटायला येणार आहे म्हणे."

सिस्टरनं पेन खाली ठेवलं. रागावली असती तर सोपं होतं. पण त्याला खरंच मदत करायची होती. "हे सात जण ताईनंच लिहायला लावलेत," ती म्हणाली, "आता मी काय करू, सांगा."

कप्तानांनी वही वाचली, एकच प्रश्न विचारला, "पूर्ण आहे?" आणि बंदराला संदेश गेला.

जायला निघाले तेव्हा तिनं त्यांना थांबवलं. "उद्या बंदरात घेतलंच, तर धक्का कोणत्या अंगाला येईल?"

"डाव्या. का?"

"पाचव्या मजल्यावर डाव्या बाजूला सज्जाची एक खोली रिकामी आहे. ताईच्या खोलीला खिडकीच नाही. विलगीकरण तिथे केलं तर नियमात बसतं. मी पाहिलं."

कप्तानांनी वही मिटून तिच्या हातात दिली. "तुम्ही आज जेवलात का?"

"नाही."

"मग आधी जेवा. खोली देतो."

संध्याकाळी दोघी बहिणींची ती वरात निघाली. पुढे ताई, तोंडाला मास्क, हात पाठीमागे बांधलेले, कुठेही लावायचे नाहीत म्हणून बजावलेलं. मागे बेबी, पुसण्याचं फडकं आणि बादली घेऊन, ताई गेली तो प्रत्येक कठडा पुसत.

"लहानपणी तू चिखलाचे पाय घेऊन यायचीस, तेव्हा मी अशीच मागून पुसत यायचे," ताई मास्कमधून म्हणाली.

"बोलू नकोस, दम लागेल."

"आता दम लागेल म्हणे. मोठी आली."

सकाळी जहाज बंदराबाहेर दोन तास थांबलं. छोट्या बोटीतून आरोग्य खात्याच्या अधिकारी बाई आल्या. ठेंगण्या, करड्या केसांच्या, बुटांचा आवाज करत चालणाऱ्या. त्यांनी वही उघडली, पानं उलटली, भटारखाना पाहिला, दोन आजाऱ्यांशी दारातून बोलल्या. "एका दिवसात एकवीस नवी नावं," त्या म्हणाल्या. "घाबरायला हवं मी. पण मला भीती वाटते ती रोज तीन-तीन नावं लिहिणाऱ्या वहीची. माणसं खरं सांगायला लागली कशी?"

"एका पेशंटनं टेलिफोन केले."

"कोणी?"

"माझ्या ताईनं."

बाई पहिल्यांदा हसल्या आणि त्यांनी शिक्का मारला. ठणठणीत असलेल्यांनी उतरावं, यादीतल्यांनी जहाजावरच राहावं.

धक्क्यावर पिवळी साडी नेसलेली एक जाडसर बाई कधीची उभी होती. सिस्टर आधी तिच्याकडेच गेली, नमस्कार केला, काय झालं ते सांगितलं. बाईंचा चेहरा पडला. मग त्यांनी सिस्टरला आपादमस्तक न्याहाळलं. "म्हणजे तू बेबी? अगं, माझ्या पोळीचे काठ टाकून द्यायचीस ना तू?"

पाचव्या मजल्यावरच्या सज्जात ताई उभी होती, केस नीट विंचरून. बाईंनी मान वर केली. दोघींच्याही हातात फोन होते, कानाला लावलेले.

"जाडी झालीस गं!" ताई म्हणाली, फोन विसरून, मोठ्यानं.

"आणि तू कुठली बारीक आहेस? मेली पोट बिघडून बसलीय, तेही मी यायच्या दिवशी!"

धक्क्यावरचे हमाल थांबून बघायला लागले. मग दोघी फोनवर आल्या, आणि मग मात्र चार तास बोलल्या. बाईंना कोणीतरी खुर्ची आणून दिली. मुख्य आचाऱ्यानं स्वतः उतरून त्यांना चहा आणि गरम भजी नेऊन दिली. संशयातून मोकळा झाल्यापासून तो सगळ्या जगावर खूश होता. सिस्टर कामांतून दोनदा सज्जाच्या दाराशी आली. एकदा ताई हसत होती. दुसऱ्यांदा ती फोन कानाशी घट्ट धरून ऐकत होती आणि खाली बाई डोळे पुसत होत्या. सिस्टर आत न जाता तशीच परतली.

साथ एकोणतीसवर थांबली. शेवटचे तीन दिवस वहीत एकही नवं नाव आलं नाही, आणि कोणाला सलाईन लावण्यापलीकडे काही करावं लागलं नाही. ताईला सोडलं त्या दुपारी दोघी बहिणी पहिल्यांदाच एका टेबलावर जेवायला बसल्या. ताईनं बेबीचं ताट संपेपर्यंत तिला उठू दिलं नाही. दवाखान्यातून दोनदा निरोप आला, दोन्ही वेळा ताईनंच तो परतवला.

उतरायच्या दिवशी शिडीच्या तोंडाशी ताईनं तिच्या गालावरून हात फिरवला.

"पुढच्या वर्षी येणार का?" सिस्टरनं विचारलं.

"येईन की. तिलाही घेऊन येणार आहे, ठरलंय आमचं. पण एक अट आहे. मला तू तपासायचं नाहीस. त्या धाकट्या नर्सेसपैकी कोणीतरी चालेल. त्यांच्याशी भांडता तरी येतं."

ताई उतरली, गर्दीत दोनदा मागे वळली आणि दिसेनाशी झाली. दुपारी दीडला नवे बाराशे प्रवासी चढणार होते. सिस्टरनं बाह्या वर केल्या, क्लोरीनची बादली उचलली आणि पाचव्या मजल्यापासून कठडे पुसायला सुरुवात केली.