मुखवट्याची आतली बाजू

नाटक कंपनीत तिला सगळे वहिनी म्हणत, अगदी तिच्याहून वयाने मोठा असलेला मॅनेजरसुद्धा. दादांची बायको म्हणून वहिनी. दादा गेले, पण नाव राहिलं, आणि त्या नावाने कुणी हाक मारली की तिला अजून वाटायचं, मागोमाग दादाही जिन्यावर धापा टाकत वर येतील. मग ती उगाच दाराकडे बघायची आणि स्वतःवरच चिडायची.

तिचं काम मुखवटे रंगवायचं. नाट्यगृहाच्या मागच्या अंगाला, लाकडी जिन्यावरच्या खोलीत, खिडकीशी तिचं टेबल होतं. भिंतीवर पाहुण्या मंडळ्यांनी जाताना दिलेले मुखवटे टांगलेले होते: डोळ्यांच्या जागी चिंचोक्याएवढी भोकं असलेला एक लाकडी, नाक-गाल झाकून तोंड उघडं सोडणारा एक चामड्याचा, आणि गवताच्या केसांचा एक अगडबंब, जो घालून माणूस या दारातून आत येऊच शकला नसता. एवढ्या लांबून आलेली ही मंडळी, पण दादा प्रत्येकाला उलटं करून हुंगायचे आणि म्हणायचे, "आतून घामाचाच वास. आपलेच लोक."

या कंपनीत मुखवटे घालणारे बोलत नसत. बोलायचं काम रंगमंचाच्या कडेला बसलेल्या दोन निवेदकांचं. मुखवटेवाल्यांनी फक्त चालायचं, बसायचं, मान वळवायची. खेळ संपल्यावरही लोकांसमोर मुखवटा काढायचा नाही, वाकून नमस्कार करायचा आणि आत जायचं. दादांनी उभी हयात म्हाताऱ्या नावाड्याचं काम केलं. गावातल्या लोकांना नावाडी पाठ होता आणि दादा बाजारात गेले तर त्यांना कुणी ओळखत नसे. वहिनीला याचं फार हसू यायचं. भाजीवाली ज्याच्या नावाने डोळे पुसते, त्याच्याशीच ती मापावरून हुज्जत घालते.

आणखी एक रीत होती. मुखवट्याची बाहेरची बाजू रंगवणाऱ्याची आणि आतली घालणाऱ्याची. आत प्रत्येक नट आपापली गादी लावायचा, म्हणजे जाड लोकरी कापडाचे तुकडे, आपल्या चेहऱ्याच्या बेताने कापून चिकटवलेले. हळूहळू घामाने आणि उबेने त्या गादीवर त्याचा चेहरा उमटत जायचा. त्या गादीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. वहिनीकडे मुखवटा रंगाला यायचा तोसुद्धा आतल्या बाजूवर फडकं बांधूनच. नट गेला की घरच्यांनी येऊन गादी काढायची, घरी न्यायची आणि मगच नव्या माणसाने आपली लावायची.

दादांची गादी काढायचं काम अर्थातच तिच्यावर आलं, आणि तिथे तिची गाडी अडली.

ती गादी तिला हवी होती. इतकी हवी होती की काढायचा धीर होत नव्हता. दादांचा धड एक फोटो नव्हता. लहानपणी झाडावरून पडून नाक डावीकडे वाकलेलं, त्याची त्यांना लाज. कॅमेरा दिसला की मान फिरवायचे. परगावी दिलेली मुलगी फोनवर म्हणायची, "आई, एक तरी फोटो मोठा करून घे," आणि आई म्हणायची, "कानाचा घेऊ का मोठा करून?" हसण्यावारी न्यायची खरी, पण फोन ठेवल्यावर घर खायला उठायचं. आणि अलीकडे तर तिला तो चेहरा सलग आठवतच नसे. नाक आठवायचं, भुवया आठवायच्या, पण एकत्र जुळायचं नाही. या गोष्टीची तिला मरणाची भीती वाटत होती. गादीत तो अख्खा होता. तिथे हात ठेवला की झालं, असं तिने मनाशी धरलं होतं.

हंगाम तोंडावर आला. मॅनेजर रोज जिना चढून यायचा.

"वहिनी, नावाडी झाला का?"

"रंग ओला आहे."

"अजून? तुम्ही नावाड्याला रंग देताय की त्याच्या नदीला?"

नावाड्याचं काम आता काडीला मिळणार होतं. काडी म्हणजे कंपनीतला एक चाळिशीचा नट, नावाप्रमाणेच वाळकुडा, इतके दिवस हमाल, शिपाई असली फुटकळ कामं करणारा. वहिनीने मॅनेजरला तोंडावर सांगितलं होतं, "तो ह्यांच्या पासंगालाही पुरायचा नाही. मान वळवायला आधी मान असावी लागते." मॅनेजर नुसता खिडकीबाहेर बघत राहिला आणि गेला.

शेवटी एके दुपारी तिने दाराला कडी घातली, हात साबणाने धुतले, मुखवटा मांडीवर घेतला आणि फडक्याची गाठ सोडली. आधी आत बघितलंसुद्धा नाही. डोळे मिटून तळवा आत ठेवला.

नाकाची खाच सरळ होती.

तिने बोटं पुन्हा फिरवली. गालांच्या जागी कापडाचे थरावर थर होते, गाल बसलेल्या माणसाला लागतात तसे. दादांचे गाल चांगले भरलेले. तिने डोळे उघडून मुखवटा खिडकीकडे धरला. कपाळाच्या पट्टीत दोन-चार काळे केस अडकलेले होते. दादांना केस म्हणायला उरले होते ते कानांच्या वर, आणि तेही पिंजलेल्या कापसासारखे.

तिला असा संताप आला की ती कडी काढून जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली आणि खाली ओरडली, "काडीला वर पाठवा."

काडी वर आला. टेबलावर उघडा मुखवटा बघून दारातच थांबला.

"लाज नाही वाटली?" ती म्हणाली. "माणूस जाऊन किती दिवस झाले रे? मी इथे जिवंत बसलेली असताना परस्पर गादी काढलीस? एवढी घाई झाली होती नावाडी व्हायची?"

"मी नाही काढली, वहिनी."

"मग कुणी?"

"दादांनीच."

ती खुर्चीत बसली. काडीने दार लोटून घेतलं, पण बसला नाही.

"मागच्याच्या मागच्या हंगामात," तो म्हणाला. "डॉक्टरांनी त्यांना उभं राहून काम करायला साफ मनाई केली होती. दोन पावलं टाकली की श्वास पुरत नव्हता. मॅनेजरला आणि मला तेवढं सांगितलं. म्हणाले, घरी कळता कामा नये. तिला कळलं तर ती मला खुर्चीत बसवून ठेवील."

"मी दर खेळाला येत होते," वहिनी म्हणाली. "तिसऱ्या रांगेत."

"ठाऊक आहे."

"तो तू होतास?"

"हो."

अंगरखा घोळदार, तोंडावर मुखवटा, बोलणार निवेदक. खेळ संपला की ती पुढे घरी जायची, ताटं मांडायची. मागाहून दादा यायचे, दमलेले. आजच्या खेळातलं तिला काय आवडलं ते ती जेवताना सगळं सांगायची. दोन हंगाम तिने दुसऱ्याचीच तारीफ त्यांना वाढली होती, आणि ते मान खाली घालून जेवत होते. आपण एवढ्या जवळ बसून इतकं लांब कसे राहिलो, हे तिला कळेना.

"ते कुठे असायचे तेव्हा?" तिने विचारलं.

"रंगमंचाखाली. सामानाच्या पेटीवर. वरच्या फळ्यांच्या फटीतून माझे पाय दिसायचे त्यांना. पाय चुकला की खालून काठी ठोकायचे."

"आणि त्यांची गादी?"

"त्यांनी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, जाळून टाक. घरी न्यायची सोय नाही, इथे कुणाला सापडली तर बोभाटा. मी जाळली, वहिनी. तेव्हा काय माहीत."

ती रडली नाही. रडायचं तिने या गादीसाठी राखून ठेवलं होतं, आणि आता ते कशावर रडायचं हेच समजेना. भिंतीवरचे सगळे मुखवटे आपल्याकडे बघताहेत असं वाटून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुम्ही घरी जे बोलायचात ना," काडी म्हणाला, "ते दुसऱ्या दिवशी मला येऊन सांगायचे. शब्दन् शब्द. वल्हं खाली ठेवताना थांबलास ते तिला आवडलं, आजही थांब. मान सावकाश वळवलीस ते आवडलं. मी नावाडी शिकलो तो निम्मा तुमच्या बोलण्यावरून."

"सगळं सांगायचे?"

"सगळं. तुमच्यासारखं बोलूनसुद्धा दाखवायचे."

वहिनीने मुखवटा उचलला, पुन्हा खाली ठेवला. मग खिडकीकडे बघत विचारलं, "मागच्या हंगामातला शेवटचा खेळ. त्या दिवशी मी त्यांना म्हणाले होते, की आत्ता कुठे तुम्हाला नावाडी समजला. आधीची सगळी वर्षं नुसता तोरा मिरवत होतात. हे सांगितलं तुला?"

काडीने आठवून बघितलं. खोटं बोलायचं त्याच्या मनात आलं असावं, पण त्याला ते जमलं नाही.

"नाही," तो म्हणाला. "हे नाही सांगितलं."

"त्या दिवशी जेवण तसंच टाकून उठले होते," ती म्हणाली. "मला वाटलं, दमलेत."

खाली कुणीतरी सामानाच्या पेट्या सरकवत होतं. काडी जायला वळला, तेव्हा तिने मुखवटा त्याच्यापुढे धरला, आतली बाजू वर करून.

"नीट बसतो का तुला?"

"बसतो, वहिनी."

"मग घेऊन जा. माझं त्यात काही नाही."