राजसबाईंचे उपाशी जठर

मित्रांनो, मी एकाहत्तर वर्षे राबलेले एक जुने जठर आहे. चेन्नईच्या टी. नगरात राहणाऱ्या राजसबाईंच्या पोटात, डाव्या बरगड्यांच्या आडोशाला माझा मुक्काम. त्यांचे घराणे तंजावरी मराठी, त्यामुळे आमटी आणि रसम या दोन्हींशी माझी जन्माची ओळख.

माझे काम आम्ल बनवण्याचे. पण ते मी मनाला येईल तेव्हा सोडत नाही. अन्नाचा वास आला, की मेंदू एका लांबलचक नसेतून मला सांगावा धाडतो आणि मी कामाला लागते. घास आला, की जोर वाढवते. तो पुढे आतड्यात उतरला, की आतडे कळवते, आता पुरे; मग मी हात आखडता घेते. या आम्लाने मीच भाजू नये म्हणून आतून बुळबुळीत अस्तरही लावून घेते. इतकी शिस्त माणसांच्या घरात तरी असते का?

राजसबाईंना मात्र माझी कदर नव्हती. छातीत जळजळले, की म्हणायच्या, "पित्त झालं." अहो, पित्त करते ते शेजारचे यकृत! बिचारे फुकट बदनाम.

दरवर्षी त्यांच्या यजमानांचे, बालाजीरावांचे, श्राद्ध असते. पहाटेपासून राजसबाई स्वतः रांधायच्या. मुलाच्या हातून पिंडदान होऊन ब्राह्मण जेवेपर्यंत जिभेवर कण ठेवायचा नाही, चव म्हणूनसुद्धा नाही. मागच्या वर्षी गुडघे फार सुजले होते. उभे राहता यावे म्हणून त्यांनी आठवडाभर आधीच दुखण्याच्या गोळ्या सुरू केल्या, त्याही अनशापोटी. श्राद्धाच्या सकाळी तर दोन घेतल्या. सून देविका पुण्याची, चेन्नईतल्याच अंबत्तूरला नोकरी करते. त्या दिवशी रजा काढून घरी होती.

"आई, निदान दोन घास खाऊन घ्या ना," ती म्हणाली.

"अय्यो, श्राद्धाच्या दिवशी? गोळी चालत्ये, घास नाही चालत."

इथेच घात झाला. जे रसायन गुडघा सुजवते, तेच मला अस्तर लावायला सांगते. गोळीने ते दोन्हीकडे बंद पाडले. तिकडे वडे तळले जात होते, खीर उकळत होती, आणि मेंदू सांगाव्यावर सांगावे धाडत होता. मी इमानाने आम्ल सोडत राहिले. घास काही येईना. दुपारी दोनपर्यंत माझे मलाच भाजले आणि रक्त वाहू लागले. ज्या बाईचे मीठ खाल्ले, तिलाच मी जखम केली, याचे मला फार वाईट वाटले.

पुढे दोन दिवस राजसबाईंना, माझे रक्त मिसळल्याने, डांबरासारखे काळे शौचाला होत होते. लाजेपायी त्यांनी कुणाला सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी घेरी येऊन पडल्या, तेव्हा देविकाने ऑटोत घालून त्यांना रुग्णालयात नेले. तोंडातून एक दुर्बिणीची नळी माझ्यापर्यंत आली. जन्मात पहिल्यांदा कोणी माझ्याकडे पाहिले! डॉक्टरांनी रक्त थांबवले, त्या गोळ्या बंद केल्या, आम्ल आवरणारे औषध दिले. दोन महिन्यांत मी भरून आले.

यंदा पुन्हा श्राद्ध आले. राजसबाई खुर्चीवर बसून सांगत होत्या, देविका रांधत होती. वड्यांचा वास सुटला, मला सांगावा आला, आणि मी धास्तावले. तेवढ्यात देविकाने दहीभाताची वाटी सासूबाईंपुढे ठेवली.

राजसबाईंनी बालाजीरावांच्या तसबिरीकडे पाहिले.

"हे होते तेव्हां रोज म्हणायचे, आधी तू खा गे," त्या म्हणाल्या. "मी एक दिवसही ऐकलें नाही."

मग त्यांनी वाटी उचलली. पहिला घास माझ्यापर्यंत आला तेव्हा तो दह्याने गार होता.

मित्रांनो, तुमच्याही घरात सगळ्यांना वाढून शेवटी जेवणारे कोणी असेल. वास त्यांनाही येतो, आणि त्यांच्या पोटात माझ्यासारखेच कोणीतरी वाट पाहत असते. आज त्यांचे पान आधी वाढा.