गिळलेलं क्रियापद

माझा भाऊ लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देणार होता आणि प्रश्नांच्या चिठ्ठ्या वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. आवाज चांगला म्हणून नव्हे. मी बावीस वर्षं औषधांच्या दुकानात डॉक्टरांचं अक्षर वाचते आहे. ज्याला ते लागतं त्याला जगातलं कुठलंही अक्षर लागतं, अशी भावाची समजूत आहे आणि ती खरी आहे.

शनिवारची दुपार, वाचनालयाचा वरचा हॉल. दीडशे खुर्च्या भरून आणखी पन्नास जण भिंतीला टेकलेले. बहुतेक विशी-पंचविशीतले, कुणाच्या मांडीवर सहीसाठी आणलेली रेकॉर्ड, कुणाच्या हातात नुसता फोन. टेबलावर टर्नटेबल, दोन माइक आणि चिठ्ठ्यांसाठी बुटांचा खोका. खोका माझ्या सँडलचा होता, त्यामुळे त्यावर मोठ्या अक्षरात माझ्या पायाचा नंबर छापलेला होता आणि तो सगळ्यांना दिसत होता.

भाऊ काय करतो हे आमच्या नातेवाइकांना अजून नीट कळलेलं नाही, म्हणून सांगते. तो जुन्या तबकड्या गोळा करतो. त्यांतले दोन-दोन सेकंदांचे तुकडे कापतो. कुठला ठेका, कुठली अर्धी तान, कुणाचा तरी श्वास. ते असे जोडतो की त्यातून नवं संगीत उभं राहतं आणि त्यावर रॅप करणारी मुलं आपले शब्द बोलतात. त्या तुकड्याला सॅम्पल म्हणतात. आमचे वडील या सगळ्याला शेवटपर्यंत कातरकाम म्हणत आले. तानसेन होता आलं नाही तर निदान कानसेन व्हावं, असं आपल्यात म्हणतात, हा झाला. बाहेर त्याला सगळे कानसेनच म्हणतात. घरी आम्ही ठोंब्या म्हणतो.

पहिली चिठ्ठी सोपी होती. तबकड्या किती आहेत?

"नऊ हजारांवर मोजणं सोडलं," भाऊ म्हणाला.

दुसरी: बायको चिडत नाही का?

"त्याला लग्न करायला घरात जागा उरली नाही," हे उत्तर मीच देऊन टाकलं. हॉल हसला. भावाने माझ्याकडे रागाने पाहिलं, पण तोही हसत होता.

तिसऱ्या चिठ्ठीत कुणीतरी विचारलं होतं, की दुकानात रेकॉर्ड ऐकायची सोय नसते, मग चांगली कुठली हे कसं ओळखता? भावाने शेजारची एक तबकडी उचलली आणि खिडकीच्या उजेडात तिरपी धरली. म्हणाला, "नीट बघा. जिथे रेघा चंदेरी दिसतात तिथे मोठा आवाज आहे. जिथे काळ्याभोर दिसतात तिथे एकटं कुणीतरी हळू वाजवतंय. मला तो काळा पट्टा हवा असतो. आणि मधल्या भोकाभोवती हे बारीक ओरखडे दिसतात? लावताना नेम चुकला की असा ओरखडा पडतो. जितके ओरखडे, तितक्यांदा कुणीतरी ही घाईघाईने लावली आहे. मला अशी आवडते. कुणाचं तरी प्रेम होतं तिच्यावर."

दोनशे माणसं माना तिरप्या करून त्या तबकडीकडे बघत होती. मीही बघत होते. नऊ हजार तबकड्यांची धूळ झटकली आहे मी आमच्या घरात, आणि त्या ओरखड्यांना मी आजवर खराबी समजत होते.

मग तो प्रश्न आला जो नेहमी येतो. दुसऱ्याचं गाणं कापून घेता, ही चोरी नाही का?

"विचारून घेतलं तर उसनं, न विचारता घेतलं तर चोरी," भाऊ म्हणाला. "मी सगळ्यांना विचारलं आहे. एकीला सोडून. तिला अकरा वर्षं शोधतोय."

हॉलमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं ती एक कोण. अकरा वर्षांपूर्वी भावाचं जे गाणं गाजलं, ज्याच्यामुळे हे सगळे इथे जमले होते, त्यात एक मुलगी गाते. नुसती पेटी, लाकडी खोक्यावर बोटांचा ठेका आणि तिचा उंच, कोवळा, जरा धावता आवाज. 'दिवा नको गं मालवू, मी अजून' एवढं म्हणते आणि पुढचा शब्द गिळते. तिथे फक्त 'अं हं हं' असा सूर येतो. भावाने नेमका तो गिळलेला शब्द गाण्यात अठरा वेळा वापरला. त्या जागी ती काय म्हणत असेल यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. कुणी म्हणतं 'जागी आहे'. कुणी म्हणतं 'वाट पाहते'. एकाने तर 'परतले नाही' असं ठरवून ती मुलगी हरवली, अशी अख्खी गोष्ट रचली. मूळ तबकडी छोटी, कंपनी बंद पडण्याआधी चाचणीपुरती काढलेली, मधला कागद कोरा पांढरा. नाव नाही, गाव नाही, काही नाही. भावाच्या रेकॉर्डवर मागे छापलं आहे, 'त्या अनोळखी मुलीस.' पुढच्या महिन्यात नवी आवृत्ती निघणार होती. तिच्यावर तरी तिचं नाव यावं, एवढीच त्याची इच्छा होती.

पुढची चिठ्ठी मी उघडली आणि थबकले. सगळ्या खोक्यात हे एकच अक्षर मोत्यासारखं होतं.

'"मी अजून"च्या पुढचं क्रियापद मला माहीत आहे. ते पुल्लिंगी आहे. रेकॉर्ड तेहतीसवर लावून पाहावी, ही नम्र विनंती. मागून दुसरी रांग, राखाडी स्वेटर.'

तबकडी दोन वेगांनी फिरते. मोठ्या तबकड्या तेहतीसवर लावतात, छोट्या पंचेचाळीसवर. हे या धंद्यात दुधाचे दात पडायच्या आधी शिकतात. म्हणूनच ती छोटी तबकडी हातात आली तेव्हा भावाने काही विचार न करता पंचेचाळीसवर लावली असणार. तेहतीसची तबकडी पंचेचाळीसवर लावली तर आवाज चढतो, धावतो. पुरुषाचा आवाज असेल तर...

मला लगेच पटलं. अकरा वर्षांपूर्वी स्वयंपाकघरातून मी त्याला ओरडून म्हटलं होतं, "अरे, ही बाई बस चुकल्यासारखी काय गाते?" तेव्हा तो म्हणाला होता, "ताई, तुला लयीतलं काही कळत नाही."

समोर दोनशे माणसं आणि निदान साठ फोन. याचं सगळं नाव कानावर उभं. उद्या सकाळपर्यंत गावभर होईल की कानसेन बहिरा आहे. की अकरा वर्षं बुवाला बाई समजत होता. माझा भाऊ आहे तो. मी चिठ्ठीची घडी घातली, पर्समध्ये टाकली आणि पुढची उघडली. दुकानात चुकीचं औषध लिहिलेली चिठ्ठी आली तर मी ती परत पाठवते. बरोबर लिहिलेली चिठ्ठी मी पहिल्यांदाच लपवली.

पुढचे प्रश्न मी वाचले, पण माझं लक्ष मागून दुसऱ्या रांगेत. राखाडी स्वेटर. सत्तरीच्या पुढचे, उंच, किडकिडीत. मी खोक्यात हात घातला की ते ताठ बसायचे आणि मांडीवरचे हात गुडघ्यांवर घ्यायचे, आपली चिठ्ठी निघाली की उठायला बरं पडावं म्हणून. चिठ्ठी दुसऱ्याची निघाली की परत सैल व्हायचे. असं नऊ वेळा झालं.

खोका रिकामा झाला. "संपल्या?" भावाने विचारलं.

आजोबा स्वेटरची बटणं लावत होते. रागावलेले दिसत नव्हते. शेजारच्या मुलीला काहीतरी सांगून हसले, 'चालायचंच' असं काहीतरी असावं. ते रागावले असते तर मी गप्प बसले असते, खरं सांगते.

"एक राहिली आहे," मी म्हटलं, आणि पर्स उघडली.

मी वाचलं. अक्षर स्वच्छ होतं तरी दोनदा अडखळले. पुढच्या रांगेत कुणीतरी फस्सकन हसलं आणि मग कुणीच हसलं नाही. भावाचे कान लाल झाले. लहानपणापासून त्याचे आधी कानच लाल होतात. 'कार्यक्रमानंतर बोलू या, काका,' एवढं म्हटलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. मी मनात म्हणत होते, म्हण, म्हण रे ठोंब्या.

त्याने पिशवीतून ती छोटी तबकडी काढली. टर्नटेबलवर ठेवली. बटण पंचेचाळीसवरून तेहतीसवर सरकवलं आणि सुई टेकवली.

आधी पेटी आली. आजवर खेळण्यातल्यासारखी चिवचिवणारी पेटी होती ती. आता तिला छाती आली. मग पुरुषाचा आवाज. जाडा नव्हे, पण भरलेला, अजिबात घाई नसलेला. बस चुकलेली बाई कुठेच नव्हती. शेवटची बस गेली हे कळून मुकाट्याने पायी निघालेला माणूस होता. 'दिवा नको गं मालवू, मी अजून...' आणि तो सूर, जो दोनशे जणांना पाठ होता, खाली उतरून, संथ, लाजल्यासारखा.

"चालतो आहे," मागून आजोबा म्हणाले. गायले नाहीत, नुसतं म्हणाले. "असा शब्द होता तो. 'मी अजून चालतो आहे.'"

सुई शेवटच्या रेघेत फिरत राहिली. भिंतीला टेकलेला एक दाढीवाला म्हणाला, "म्हणजे सर, अकरा वर्षं चुकीच्या स्पीडवर?"

"हो," भाऊ म्हणाला. "चुकीच्या. आणि माझ्या बहिणीने तेव्हाच सांगितलं होतं, ही बाई बस चुकल्यासारखी गाते. मी तिला म्हटलं, तुला लय कळत नाही." त्याने माइक खाली ठेवला, स्वतःची खुर्ची उचलली आणि खुर्च्यांच्या मधून वाट काढत मागच्या दुसऱ्या रांगेशी जाऊन बसला. आपला कार्यक्रम आहे हे तो विसरून गेला होता. कुठल्या खोलीत गायलात? माइक किती लांब होता? खोक्यावर ठेका कुणाचा? एकामागून एक विचारत सुटला. मीही त्याच्या मागोमाग गेले.

आजोबा टेलिफोनच्या तारांवर काम करायचे. लांबच्या खांबावरून घरी पायी यायला उशीर व्हायचा, तोवर घरात दिवा मालवलेला असायचा. त्यावरून गाणं केलं. गाणं लांबलं आणि छोट्या तबकडीत मावेना, म्हणून कंपनीवाल्याने ती तेहतीसवर काढली.

"आणि शब्द कसा राहिला?"

"विसरलो," आजोबा म्हणाले. "ही काचेपलीकडे बसली होती. तिच्याकडे बघितलं आणि क्रियापद गेलं." सगळा हॉल हसला. पानंच्या पानं लिहिणारे सगळ्यात मोठ्याने हसले. "मला तर ओळखूसुद्धा आलं नाही हो. नात फोनवर ऐकत होती. मी म्हटलं, छान गाते मुलगी. आतून ही ओरडली, मुलगी कसली, हे तुम्ही खाल्लेलं क्रियापद आहे!"

"काका, मी तुमचं गाणं बिघडवून अकरा वर्षं वाजवलं," भाऊ म्हणाला.

"अहो, बरोबर स्पीडवर ते साठ जणांनी ऐकलं असेल. त्यातले चाळीस आमचे नातेवाईक, त्यांना उठता येत नव्हतं."

"आता विचारतो. वापरू का? नाव तुमचं घालून?"

आजोबांनी विचार केला. "हिला विचारायला हवं," म्हणाले आणि खिशातून फोन काढला. नात शिकवते तसा स्पीकर लावला. पलीकडून एक खणखणीत बाई बोलल्या, "भेटला का तो मुलगा? रागावला नाही ना?"

"नाही गं. गाणं वापरू का विचारतोय. नाव घालणार आहे आणि राहिलेला शब्दही घालीन म्हणतोय." असं भाऊ म्हणाला नव्हता. पण आजोबांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की हे त्यांच्याच मनात आहे. चाळीस वर्षं राहिलेली चूक दुरुस्त करून टाकावी.

पलीकडून त्या म्हणाल्या, "नाव घालायला सांगा. शब्द नको. तो माझ्याकडे बघून खाल्लाय तुम्ही. तो माझा आहे."

आजोबांनी स्पीकर बंद केला, पण जरा उशिरा. दोनशे माणसं जमिनीकडे बघत हसत होती. भावाने माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि आजोबांचं नाव तळहातावर लिहून घेतलं. वेलांटी पहिली की दुसरी तेही विचारलं.

हॉल रिकामा झाल्यावर आम्ही दोघं वायरी गुंडाळत होतो. तो म्हणाला, "ताई, चिठ्ठी खोक्यात नव्हती. पर्समधून काढलीस तू."

"लपवली होती. म्हटलं, तुझी अब्रू जाईल."

"गेलीच की," तो म्हणाला. "उद्या बघ फोनवर. पण माणूस सापडला."

वायर माझ्या हातातच राहिली. मी त्याला म्हटलं, "मला तुझा फार अभिमान वाटतो. तुझ्या जागी मी असते तर बटण सरकवलं नसतं." आमच्या घरात असं कुणी कुणाला तोंडावर म्हणत नाही. तो चांगलाच घाबरला. वायर टाकून जवळ आला आणि म्हणाला, "ताई, तुला बरं वाटतंय ना? बस जरा. पाणी देऊ?"