डबीतली डिस्क

ली-च्युनने तिसरी केबल लावून पाहिली. डबीवरचा निळा दिवा लागला, पण संगणकाच्या पडद्यावर डिस्कचा पत्ताच नाही.

“दिवा तर लागतोय,” स्टुलावर बसलेले को काका म्हणाले.

“दिवा डबीचा असतो, काका. डिस्क आत असते, ती वेगळी.”

तैपेईच्या त्या बाजारात डिस्क दुरुस्त करण्यात तिची बावीस वर्षं गेली होती. तिने डबी दुसऱ्या संगणकाला जोडली. त्याच्या डोक्यावर खाऊचं हिरवं पाकीट होतं. यंत्रं शहाण्यासारखी वागावीत म्हणून इथे सगळेच ठेवतात. मुदत उलटलेल्या पाकिटाने यंत्र रुसतं, म्हणून तिने तारीखही बघून घेतली. अजून दोन महिने होते.

“आमची लेक युन-झेनही ठेवायची,” काका म्हणाले. “मुदत संपत आली की मलाच खायला लावायची. मी काय कचऱ्याचा डबा आहे का, म्हणायचो.”

युन-झेन डोंगरात पक्ष्यांचे आवाज टिपत हिंडायची. अकरा महिन्यांपूर्वी तिथेच पाय घसरून ती गेली. प्रत्येक आवाजाआधी ती तारीख सांगायची, जागा सांगायची, आणि कधीकधी हसायची. काकांना या डिस्कवरचं ते हसू हवं होतं. तिचा आवाज आपण विसरत चाललोय, हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

ली-च्युनने डबी कानाला लावली. आत काहीच फिरत नव्हतं. हाताला हलकीही लागली, पण हल्लीच्या डिस्क हलक्या आणि मुक्याच असतात.

“उघडावी लागेल. आधी कुणी उघडली होती?”

“छे! कपाटात होती.”

“मग स्क्रूवर सुरी कुणी चालवली?”

ली-च्युनने चारही स्क्रू काढले, झाकण उचललं आणि तिचा हात तसाच थांबला.

आत डिस्क नव्हती. तिच्या जागी सोनेरी कागदाच्या घड्या ठासून भरल्या होत्या. पितरांसाठी जाळतात तो कागद. घड्यांच्या कडा नखाने दाबून धारदार केलेल्या होत्या. अशा घड्या घालणारी एकच बाई काकांना ठाऊक होती, आणि तिच्याशी त्यांनी चाळीस वर्षं संसार केला होता.

ती गेल्यावर शंभराव्या दिवशी त्यांनी लेकीसाठी कागदाचं घर जाळलं होतं. त्यात कागदाची गाडी होती, कागदाचा संगणकही होता. जे जाळावं ते गेलेल्या माणसाला तिकडे पोचतं. तो संगणक बायकोने कुणालाच उचलू दिला नव्हता, स्वतःच्या हाताने त्या कागदी घरात ठेवला होता. “पोरीचं काम अर्धं राहिलंय, तिला लागेल,” एवढंच म्हणाली होती.

“वेडी आहे,” काका म्हणाले. “ठार वेडी. एकच डिस्क होती गं ती.” मग तोंडावर रुमाल धरून ते गदागदा रडले. ली-च्युनने दुकानाचं दार लोटून घेतलं. अशा वेळी काय बोलावं, हे बावीस वर्षांत ती शिकली नव्हती.

बऱ्याच वेळाने काकांनी नाक पुसलं.

“एक विचारू? नुसती आतली डिस्क असली, तर ती चालते?”

“नाही काका. डबी हवी, केबल हवी. नाहीतर संगणकाला ती दिसतच नाही.”

“दिसत नाही,” काका म्हणाले. त्यांनी डबीकडे पाहिलं. “म्हणजे आठ महिने पोरगी तिकडे खोळंबलीय.”

ली-च्युनने घड्या होत्या तशाच ठेवून झाकण बसवलं. चारही स्क्रू नवे लावले.

काकांचा फोन वाजला.

“अहो, काय म्हणाल्या?” बायकोचा आवाज अगदी बारीक होता. “दिसली का?”

“केबल खराब होती म्हणाल्या. चांगली बघून घेतोय,” काका म्हणाले. “तिला जाऊन वर्ष होईल त्या दिवशी डबी आणि केबल दोन्ही देऊ तिला. तू आठवण करून दे मला.”

“केबल लांब घ्या,” ती कशीबशी म्हणाली. “तिला पलंगावर बसून काम करायची सवय आहे.”