आभाळातलं भिंग

अल्लीपूरच्या समाजमंदिरात मुंगी शिरायला जागा नव्हती. भिंतीवर काळ्या कापडात मढवलेलं चित्र. मधोमध झगमगता गोळा, दोन्ही बाजूंना निमुळता होत गेलेला उजेड. पुढे योगेंद्र महाराज.

"डाक्टर डोळ्यात भिंग टाकते. कुठलं? कारखान्यातलं! अन् हे? भगवंतानं आभाळात टांगलेलं! मोठं कोनतं, तुम्हीच सांगा!"

मग ते एकेकाच्या डोळ्यापुढे मंतरलेलं तांब्याचं पान धरत. पानाला बारीक भोक.

"डावा मिट, माय. उजव्यानं पाह्य."

"दिसलं! कड न् कड दिसून राह्यली!" वच्छलाबाई ओरडल्या. जयजयकार झाला.

शाळेतल्या दीपमाला मॅडम दाराशी उभ्या होत्या.

चित्राखालची कापलेली ओळ: *ही भिंगाकार दीर्घिका. म्हणजे कोट्यवधी ताऱ्यांची चपटी वस्ती. कडेनं पाहिली तर भिंगासारखी दिसते. नवे तारे घडवणारा वायू जवळपास संपलेला, म्हणून बहुतेक तारे म्हातारे. हा उजेड पाच कोटी वर्षांपूर्वी निघाला.*

ती ओळ दीपमालानंच कात्रीनं कापली. महाराजांच्या चौकटीत बसत नव्हती. "पोरायले विज्ञान दाखवतो," म्हणत ते शाळेत आले, तेव्हा तिनं हौसेनं चित्र दिलं, नावही सांगितलं. महाराजांनी नावातला पहिला शब्द ठेवला, दुसरा टाकला. वर तिला शाल-श्रीफळ दिलं.

पुढे काय चाललंय ते तिला ठाऊक नव्हतं.

हे वाक्य खोडा. ठाऊक होतं. तीन महिने. वच्छलाबाईंनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख चुकवली, हेसुद्धा.

आज ती पुढे गेली. प्रसादाच्या पेढ्यांच्या खोक्याचं झाकण उचललं, पदराची पिन काढून त्याला भोक पाडलं आणि तानबांच्या हातात दिलं. तानबा म्हणजे वच्छलाबाईंचे मालक.

"काका, चष्मा काढा. यातून त्या कॅलेंडरकडे पाहा."

"बुधवार... अकरा... अबे! बिनचष्म्यानं!"

"महाराज, यात मंत्र कोणता? पेढ्याचा का पिनेचा?"

हशा पिकला.

"धूसर डोळ्यात किरणं पसरून जातात," ती म्हणाली. "बारीक भोक तिरपी किरणं अडवते, म्हणून चित्र उठून दिसते. पान काढा बरं, काकू."

वच्छलाबाईंनी पान खाली घेतलं. "धुकं आलं वं परत."

"डोळा होता तसाच आहे. आणि चित्रात भिंग नाही, तारे आहेत. तिथला उजेड निघाला तेव्हा माणूसच नव्हता. तो कोणाचा डोळा बरा करायला निघालेला नाही."

महाराज उसळले. "चित्र देल्लं कोनं? इचारा तिलेच!"

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"मीच दिलं," दीपमाला म्हणाली. "खालची ओळही मीच कापली."

"मंग सांगतलं काऊन नाई, पोरी?" वच्छलाबाईंचा आवाज बारीक झाला होता. "मी रोज तुह्या शाळेपुढून येत होती."

"शाल घेतली होती, काकू. लाज वाटली."

वर्ध्याच्या दवाखान्यात वच्छलाबाईंच्या उजव्या डोळ्यात भिंग बसलं. कारखान्यातलं. डाव्यातला मोतीबिंदू पिकून गेला होता. आतला दाब वाढला, नस सुकली. डॉक्टर म्हणाले, "तीन महिने आधी यायला हवं होतं." दीपमाला शेजारीच उभी होती. ते वाक्य तिनं पुरतं ऐकून घेतलं.

महिन्याभरानं तिनं वच्छलाबाईंना वर्गात बोलावलं. त्या काळा चष्मा लावून आल्या आणि खुर्ची नाकारून उभ्याच राहिल्या.

"पोरंहो, कोनी काई दाखोलं का पुसत जा, हे कायच्यावरून? बाबाले पुसा, डाक्टरले पुसा, ह्या मॅडमलेई पुसा. अन् ज्याले माहीत आहे त्यानं तोंड उघडत जा. मी पुसलं नाई, इनं सांगतलं नाई. दोघीयच्या चुपीत माहा एक डोळा गेला."