अर्ध्या पानावरून

२००६ साली मांडवगण फराट्यात अर्धा गाव वाकून चालत होता. चिकुनगुनियानं आमच्या आजोबांचा, गेणबाआबांचा, काटकोन केला होता. ते तसे दारात दिसले, आन् माझ्या बहिणीच्या, प्रगतीच्या, दोन सोयरिकी उंबऱ्यावरूनच परत गेल्या. तिसरी भांडगावची. ती तरी जमावी म्हणून आईनं आबांना आधीच भिंतीला टेकवून बसवलं. उठायचं न्हाई, अशी ताकीद.

मच्छरदाणी मात्र तिनं सकाळीच गुंडाळली होती. "डास रातचा चावतो. दिवसा कुणाला चावतोय?"

अकरा वाजता सोपानराव, भामाबाई आणि नवरा मुलगा बिरदेव सतरंजीवर बसले. पोहे आले. पाठोपाठ डास आला. पायांवर पांढरे पट्टे, जसं काही मुलगी बघायला आवरून आलेला. सोपानरावांच्या कानामागं बसला. त्यांनी टोपी झटकली. बिरदेवच्या घोट्यावर बसला. त्यानं लाजत पाय ओढला. सोयरिकीच्या बैठकीत चापट मारायची कशी? शेवटी भामाबाईंचा गळा. तिथं पोट डाळिंबाच्या दाण्याएवढं फुगलं, तेव्हा भामाबाईंनी हाणलं. गळ्यावर रक्ताचा फराटा, डास पोह्यांत. त्यांनी तो नखानं काढला, सतरंजीला पुसला आणि पुढचा घास घेतला.

"रक्ताचं नातं जुळलं म्हणायचं," मी म्हणालो.

"शंभ्या, गप," आई म्हणाली.

आठवड्यानं कळलं, भांडगावात तिघंही तापानं झोपलेत. फवारणीवाला जयसिंग आला, त्याला सगळं सांगितलं.

"ती मादी. दिवसाच चावती. आबा तापले तवा त्यांना चावली आसंल, तवापासनं रोग पोटात घिऊन फिरतीय. एकाकडंच पोटभर पिऊ दिलं आसतं, तर एकच आजारी पडला आसता. हाकलली की पुढच्याकडं जाती."

"म्हणून म्हंतो, जेवत्याला अर्ध्या पानावरनं उठवू न्हाई," आबा भिंतीजवळून म्हणाले.

जयसिंगनं रांजणावरची ताटली उचलली. आत शेकडो अळ्या वळवळत होत्या.

"आरं, गाळून भरल्यालं पाणी हाय," आई म्हणाली.

"म्हणूनच. हिला अंडी घालायला असलंच लागतं."

पाहुण्यांना तांब्या त्यातलाच दिला होता. मीच बुडवला होता.

संध्याकाळी भांडगावचा फोन आला. मुलगी पसंत. तिघंही अंथरुणात, भाकरी थापायला हात न्हाई, तवा लग्न याच महिन्यात उरका.

आईनं डोळ्याला पदर लावला. प्रगतीनं रांजण आडवा केला. वळवळ तिच्या पायांवरून अंगणात गेली.

"त्यांना म्हणावं, आधी सरळ उभं ऱ्हावा," ती म्हणाली. "मग मी येती बघायला."