बॅटरी कोण उतरवतं

माझा स्वभाव संशयी आहे, हे मला कुणी सांगायला नको. घरात दूध उतू गेलं तरी ते कुणी मुद्दाम जाऊ दिलं, हा विचार माझ्या मनात आधी येतो. त्यामुळे त्रेसष्ट साली माझ्या मोटरीची बॅटरी वरचेवर सकाळी मेलेली सापडू लागली, तेव्हा मी बॅटरीकडे पाहिलंच नाही. मी ड्रायव्हरकडे पाहिलं.

मोटर दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, पुण्याच्या एका डॉक्टरांकडून घेतलेली. सगळ्या कोळवण खोऱ्यात हैबतरावांची मोटर म्हणून तिचा रुबाब होता, पण हैबतरावांना, म्हणजे मला, ती चालवता येत नव्हती. म्हणून धुळाजीला ठेवला. तो धनगराचा. चार वर्षं एका लाकडाच्या ठेकेदाराच्या ट्रकवर राहून गाडी शिकलेला. माझी नोकरी धरली तेव्हा त्यानं आपल्या वाटणीची मेंढरं भावाला देऊन टाकली होती. म्हणजे माघारी जायला जागा ठेवली नव्हती. हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी मी जे केलं ते केलं.

सकाळी स्टार्टर ओढला की आतून नुसतं टक व्हायचं. मग धुळाजी पुढं जाऊन हँडल मारून घामाघूम व्हायचा. बॅटरी एसटीच्या टपावरून पुण्याला धाडायची, चार्ज करून आणायची, दोन दिवस बरे जायचे आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा टक. असं तीनदा झालं.

वापरल्याशिवाय बॅटरी उतरेल कशी? मी संध्याकाळी पारावर जाऊन बसलो की हा गाडी बाहेर काढत असणार, असं माझ्या डोक्यात बसलं. त्यात मागच्या सीटखाली मला मेंढराची एक लेंडी सापडली. एकच, पण मला तेवढी पुरली. मी चाकाखाली खडूची रेघ मारून ठेवली. सकाळी चाक रेघेवरच. म्हटलं, गडी हुशार आहे, गाडी बरोबर रेघेवर आणून लावतो. मग वाटलं, चांगली बॅटरी विकून हा जुनी बसवत असेल. म्हणून तिच्या पेटीवर खिळ्यानं 'है' कोरला. तोही तसाच राहिला, पण आता ते अक्षर मला माझं वाटेना.

तेलाचंही तेच. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून बॅटरीत वीज भरणारा जो डायनामो, त्याच्या मागच्या टोकाला तेलासाठी बारीक भोक असतं. धुळाजी महिन्यातून एकदा तिथं कुपीतून दोन थेंब सोडायचा.

"दोनच?" मी विचारलं होतं.

"दोनच, धनी. ठेकेदाराचा मिस्त्री तसंच सांगायचा."

मी मनात म्हटलं, डबाभर तेल आणायचं आणि घालायचे दोन थेंब. बाकीचं जातं कुठं?

शेवटी एका गुरुवारी मी त्याला बिरोबाचा भंडारा उचलायला लावला. ती हळद मुठीत घेऊन धनगर खोटं बोलत नाही. पण ज्याला ती चारचौघांत उचलायला लावली, तो चोर म्हणून तिथंच अर्धा ठरला, हेही सगळ्यांना कळतं. अंगणात माझे गडी उभे होते, ओटीवर माझी बायको सारजाबाई होती. धुळाजीनं वहाणा काढल्या, हातपाय धुतले आणि मूठ भरली.

"धन्याच्या मागारी गाडी म्या हालवली न्हाई. तिच्यातलं काय काढलं न्हाई, काय इकलं न्हाई." एवढं बोलून त्यानं हळद कपाळाला लावली.

सारजाबाई आत येऊन मला म्हणाली, "तुमी त्याला चोर करून मोकळं झाला. उद्या काय भलतंच निगालं तर तोंड कुटं लपवाल?"

मी तिला गप्प बसवलं. हळदीवर विसंबून राहायला मी काही भाबडा नव्हतो. पौडच्या जयसिंग मिस्त्रीला सांगावा धाडला. तो पूर्वी पलटणीत गाड्या दुरुस्त करायचा. त्याचा उलट निरोप आला की पुण्याहून बॅटरी आली की जोडू नका, दोन दिवस नुसती ठेवा. तशी ठेवली. सोमवारी सकाळच्या एसटीनं तो आला, तेव्हा मी त्याला बाजूला घेतलं.

"याचा हात कुठं आहे, तेवढं दाखव," मी म्हटलं. "दिसला की आजच्या आज घालवतो." आणि मी चोर म्हणून घालवलेल्या माणसाला पौडापासून पिरंगुटापर्यंत कुणी गाडीवर घेतलं नसतं.

जयसिंगनं बॅटरीतलं पाणी काचेच्या नळीत ओढून पाहिलं. "दोन दिसांत थेंबभर उतरली न्हाई. बॅटरी धडधाकट हाय." ती जोडल्यावर त्यानं समोरचा विजेचा काटा पाहिला. काटा मधोमध, गप्प. "गाडी हुबी आसताना वीज कुटंच जात न्हाई." मग त्यानं धुळाजीला इंजिन चालू करायला आणि दिवे लावायला सांगितलं. इंजिन कितीही पळवलं तरी काटा उणेकडंच पडलेला.

"हैबतराव, बॅटरी कोन उतरवत न्हाई. तिच्यात भरतच न्हाई कोन. भाताच्या कनगीतनं नुसतं काढत ऱ्हायलं तर कनगी किती दिस पुरंल?"

इंजिन थांबवून त्यानं अंगठ्यानं दाबून पाहिला तर पट्टा ताठ होता. डायनामोच्या तारा सोडून, इंजिन पुन्हा चालवून त्यानं तिथं एक लहान बल्ब टेकवला. बल्ब लागला नाही. "हितंच हाय," म्हणत त्यानं डायनामोवरची पट्टी उघडली. आतला तांब्याचा गोळा काळाकुट्ट झाला होता आणि त्यावर घासणारे कार्बन चिकट राडीत रुतून बसले होते. जयसिंगनं बोट लावून वास घेतला.

"ह्ये मशीनचं त्याल न्हाई. शेंगदान्याचं हाय."

मला वाटलं, सापडला. मी धुळाजीकडे वळलोसुद्धा. आणि वळता वळता मला शनिवार आठवले.

दर शनिवारी मी मारुतीला तेल घालायला जातो. वाटीत थोडं उरतं. ते मी घरी येऊन डायनामोच्या त्या भोकात ओतत होतो, चांगले पाच महिने. धुळाजीच्या दोन थेंबांवर माझा विश्वास नव्हता आणि देवाचं तेल वाया जात नाही याचं समाधानही होतं.

"कोन घालतं ह्ये?" जयसिंगनं विचारलं.

धुळाजी हातात हँडल घेऊन उभा होता, त्यानं जमिनीकडे पाहिलं. आणखी थोडं गप्प राहिलो असतो तर सगळं त्याच्यावर गेलं असतं, आणि मी थोडं गप्प राहिलोही. मग म्हटलं, "मी."

जयसिंग हसला नाही. त्यानं पेट्रोलच्या फडक्यानं गोळा पुसला, बारीक काचकागदानं घासला, कार्बन मोकळे केले. इंजिन चालू केल्याबरोबर काटा अधिकाकडे गेला. मग तो हात धुवायला विहिरीकडे गेला.

"तुला ठाऊक होतं?" मी धुळाजीला विचारलं.

"दर शनवारी बगत हुतो. म्हनलं, मारुतीचं त्याल हाय, धन्याचा नेम आसंल. देवाच्या कामात चाकरानं कसं बोलावं?"

"भंडारा उचलताना तरी बोलायचंस."

"तवा बोललो आस्तो, तर म्हनला आस्ता, सुटायसाटी धन्याच्या देवावर घालतोय."

खरं होतं. मी अगदी तेच म्हटलं असतं. माझी मान खाली गेली. झालं गेलं विसरून जा, उद्या सकाळी गाडी काढ, असं मी त्याला म्हटलं. चुकलो, असंही म्हटलं. माझ्या आयुष्यात हा शब्द मी फार वेळा उच्चारलेला नाही.

त्यानं चावी माझ्या हातात ठेवली. "जितं भंडारा उचलाय लावला, तितलं पानी आमाला पुन्ना चालत न्हाई, धनी."

"मग करशील काय?"

"भावाची मेंढरं राखीन."

एके काळी त्यातली निम्मी त्याची स्वतःची होती. तो वाकून पाया पडला, वहाणा घातल्या आणि बांधावरून चालू लागला. मी त्याला हाक मारायला हवी होती. भाताच्या खाचरांपलीकडे तो दिसेनासा होईपर्यंत मी तिथंच उभा राहिलो. मग गाडीचं मागचं झाकण उघडलं आणि अवजारांच्या पेटीतले पाने मोजायला लागलो. मोजताना मला माझीच शिसारी येत होती, तरी मी दोनदा मोजले. चौदाच्या चौदा होते.